नोट्स कोणी द्यायच्या?

विद्यार्थ्याच्या कामावर विद्यार्थ्यांनी बोलू नये, हे मत हल्ली चांगलंच प्रतिष्ठेला चढलं आहे. नाट्यशिबिराच्या समारोपात, कथालेखनाच्या कार्यशाळेत, बक्षीससमारंभातल्या परीक्षकांच्या मनोगतात ते हमखास कानावर पडतं. वीस वर्षांच्या पोराने लिहिलेलं किंवा बसवलेलं त्याच्याच वयाच्या दहा पोरांपुढे ठेवायचं, म्हणजे पोहता न येणाऱ्याने पोहता न येणाऱ्याला शिकवायचं. त्यात मूल एक तर खचतं, नाही तर सगळ्यांचं ऐकून ऐकून त्याचं काम गुळगुळीत होतं. तेव्हा जाणत्या माणसाकडे जा, त्याला दाखवा आणि मित्रमंडळींना थेट प्रयोगालाच बोलवा, असा सल्ला त्यापाठोपाठ येतो.

हे सांगणारी माणसं उगाच तोंड चालवणारी नव्हेत. त्यातल्या कित्येकांनी उमेदीची वर्षं तालमींच्या हॉलमध्ये काढली आहेत, म्हणून त्यांचं म्हणणं ‘असेल बुवा’ म्हणून सोडून देता येत नाही. पण ते चूक आहे, आणि ते ऐकून मुलं खरोखरच एकमेकांना दाखवायची बंद झाली तर महाविद्यालयीन नाटकाचं आणि लेखनाचं जे काही बरं चाललं आहे, त्याची मुळं सुकतील.

या मताची सगळ्यात धारदार मांडणी आपल्याकडे झालेली नाही. ती फ्लॅनरी ओकॉनर या अमेरिकन कथालेखिकेने केली. विद्यार्थी एकमेकांच्या हस्तलिखितांवर टीका करतात त्या वर्गांवर माझा विश्वास नाही, असं ती उघड म्हणे. अशा टीकेत असतं काय, तर अज्ञान, खुशामत आणि आकस, आणि तेही समप्रमाणात, असा तिचा हिशेब होता. बाई स्वतः त्याच वर्गातून आलेल्या. आयोवा विद्यापीठातली लेखन-कार्यशाळा 1936 पासूनची. एकाचं लेखन वाचायचं, बाकीच्यांनी बोलायचं आणि लिहिणाऱ्याने तोंड उघडायचं नाही, ही रीत जगभर गेली ती प्रामुख्याने तिथून. ओकॉनर 1945 साली जॉर्जियातून तिथे गेली. तिचे उच्चार इतके दक्षिणी, की पहिल्या भेटीत कार्यशाळेचे संचालक पॉल एंगल यांना ती काय म्हणतेय तेच कळेना. शेवटी तिने कागदावर लिहून दिलं. 1947 साली पदवी घेऊन ती बाहेर पडली, आणि पुढे त्या वर्गाबद्दल हा शेरा मारून मोकळी झाली.

पण तिने केलं काय? ‘वाइज ब्लड’ ही पहिली कादंबरी 1952 साली येण्याआधी तिचे खर्डे मित्रांच्या हातून गेले, कॅरोलाइन गॉर्डनने त्यावर लांबलचक पत्रं लिहिली, आणि ओकॉनरने पुन्हा हात फिरवला. गॉर्डन वयाने मोठी, स्वतः कादंबरीकार. ती जाणती होती, हे मान्य. मात्र 1955 पासून ओकॉनर जिला आपल्या गोष्टी वाचायला पाठवत होती आणि जिच्या मताची वाट बघत होती, ती अटलांटातल्या एका कचेरीत कारकुनी करणारी वाचक होती. तिच्या नावावर एकही पुस्तक नव्हतं. ओकॉनरला अज्ञानाचं एवढं वावडं असतं तर हा पत्रव्यवहार तिच्या मरणापर्यंत चाललाच नसता.

आता अज्ञानाचंच घेऊ, कारण तिन्हींत वजनदार आरोप तोच आहे.

पुण्यात जुलै-ऑगस्टमध्ये कुठल्याही कॉलेजच्या तालमीत डोकावलं तर हे दृश्य दिसतं. 1963 पासून चालत आलेल्या पुरुषोत्तम करंडक या आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धेची प्राथमिक फेरी तोंडावर असते. भरत नाट्य मंदिराची तारीख हातात पडलेली असते. रन संपतो, दिवे लागतात, सगळे फरशीवर गोल करून बसतात आणि ‘नोट्स’ सुरू होतात. आधी दिग्दर्शक, मग सिनिअर, मग ज्याला बोलायचं तो. अशाच एका तालमीला मी कोपऱ्यात बसून होतो. शेत विकायला निघालेल्या दोन भावांची एकांकिका. चांगली बांधलेली, पोरं जीव ओतून करत होती. प्रॉपर्टीला त्याच आठवड्यात आलेली एक मुलगी होती. तिला कोणी विचारलं नव्हतं, तरी मध्येच म्हणाली, “तो पत्र घेऊन येतो ना, तो त्यांचा कोण लागतो?”

सगळे तिच्यावर तुटून पडले. “अगं मावसभाऊ! पहिल्याच प्रवेशात आई म्हणते की!” लेखकाने संहिता काढून वाक्य वाचून दाखवलं. वाक्य होतंच. पण ती आपली तेच धरून बसली, की मला नाही ऐकू आलं. मग कोणीतरी म्हणालं, त्याला शेजारीच करून टाकू. दुसरा म्हणाला, आईच्या तोंडी ते दोनदा घालू. लेखकाचा चेहरा पडला. शेवटी दिग्दर्शकाने तेवढाच तुकडा पुन्हा करायला लावला आणि स्वतः मागे भिंतीला टेकून उभा राहिला. आई ‘माझ्या बहिणीचा पोर’ म्हणते, नेमक्या त्याच क्षणी दोघं जण विंगेतून लाकडी कॉट ओढत आत आणतात. कॉटचे पाय फरशीला करकरतात आणि वाक्य त्याखाली गडप. महिनाभर ते कोणाला कळलं नव्हतं, कारण महिनाभर प्रत्येकाला ते वाक्य पाठ होतं. ते कानाने ऐकत नव्हते, आठवणीने ऐकत होते. कॉट एका वाक्याने उशिरा आणली. संहितेतला एक शब्द बदलला नाही.

त्या हॉलमध्ये सगळ्यात अडाणी तीच होती, आणि तिच्या अडाणीपणाइतकी किमती वस्तू त्या क्षणी तिथे दुसरी नव्हती. जाणता माणूस मोकळ्या जागा स्वतःच्या अनुभवाने भरून काढतो. त्याने असे शंभर मावसभाऊ पाहिलेले असतात. एक ऐकू आला नाही तरी तो अंदाजाने पुढे जातो. प्रयोगाला येणारं प्रेक्षागृह मात्र या मुलीसारखंच असणार आहे. तिकीट काढून बसलेल्या माणसाला दिग्दर्शकाची वही दिलेली नसते.

घोटाळा कुठे झाला तेही याच प्रसंगात दिसतं. तिने फक्त आपल्यापर्यंत काय पोचलं नाही ते सांगितलं. बाकीच्यांनी लगेच औषधं सुचवली, आणि सगळी चुकीची. अडाण्याने लक्षण सांगावं. औषध द्यायला तो बसला की ओकॉनरचं म्हणणं खरं ठरायला लागतं. मग एकांकिकेला प्रत्येकाच्या डोक्यातल्या एकांकिकेची ठिगळं लागतात आणि लेखकाला आपलीच गोष्ट ओळखू येत नाही. म्हणून ‘मी असतो तर असं केलं असतं’ या वाक्याला नोट्सच्या गोलात बंदी असावी, या मताचा मी आहे. पण हा दोष बोलण्याच्या रीतीतला आहे. रीत शिकवता येते. बोलणाऱ्याचं तोंड बंद करून ती कशी सुधारणार?

अज्ञानाचा एक खरोखरच घातक प्रकार आहे, आणि आमच्या जाणत्यांनी आश्चर्य म्हणजे नेमका त्याच्यावर कधी बोट ठेवलेलं नाही. गोलात बहुसंख्य कोण आहेत यावर ‘कळलं नाही’चा अर्थ ठरतो. परभणीकडचा मुलगा आपल्या बोलीत लिहितो आणि पुण्याचा हॉल म्हणतो, “भाषा जरा सोपी कर ना.” सोपी म्हणजे आमची. इथे ऐकणाऱ्याचं अज्ञान हे निष्पाप लक्षण राहत नाही, ते हुकूम बनतं. अशा वेळी काय करावं याचा उत्तम धडा आपल्याकडे आहे. नामदेव ढसाळांचं ‘गोलपिठा’ हे कवितांचं पुस्तक 1972 साली आलं. प्रस्तावना विजय तेंडुलकरांची. त्यांच्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ला तोवर पाच वर्षं होऊन गेली होती. मराठी नाटकात त्यांच्याइतकं जाणतं कोण होतं? या माणसाने प्रस्तावनेत सरळ कबूल केलं की कवितेतले कितीतरी शब्द मला अडले, आणि कोणते अडले तेही लिहिलं. ढसाळांबरोबर रात्री त्या कवितांमधल्या वस्तीतून फिरून आले. ‘शब्द बदला’ असं ते म्हणाले नाहीत. आपल्याला काय कळलं नाही ते सांगून कळून घ्यायची जबाबदारी त्यांनी स्वतःच्या अंगावर घेतली. हे एका प्रस्थापित नाटककाराला चाळिशीत जमलं, तर वर्गातल्या मुलाला विसाव्या वर्षी शिकवायला काय हरकत आहे? उलट विसाव्या वर्षी नाही शिकला तर तोच पुढे परीक्षक होऊन बसतो आणि बोलीभाषेतल्या एकांकिकेला ‘उच्चार अस्पष्ट’ म्हणून गुण कापतो.

खुशामतीबद्दल फार वाद घालण्यात अर्थ नाही. ती असते, आणि भरपूर असते. ‘कडक झालंय’, ‘भारीच’, ‘अंगावर काटा आला रे’ एवढ्या तीन वाक्यांवर कित्येक तालमी आटोपतात. हे आजचं नाही. 1923 साली पुण्यात रविकिरण मंडळाचे कवी रविवारी जमून, चहा पिऊन एकमेकांना कविता ऐकवू लागले, तेव्हा या मंडळींचं चाललंय ते परस्परस्तुतीच, अशी कुजबुज झालीच. केशवकुमार या नावाने लिहिणाऱ्या अत्र्यांनी 1925 साली ‘झेंडूची फुले’मध्ये विडंबनांची जी झोड उठवली, तिचे फटके त्या मंडळालाही चांगलेच बसले. (अत्र्यांची मात्रा चालली, पण विडंबन करायला सुद्धा त्या कविता बारकाईने वाचाव्या लागतात, हे विसरू नये. इतक्या लक्षपूर्वक त्या मंडळाबाहेर त्या काळात किती जणांनी वाचल्या असतील?) खुशामतीवर तोडगा साधा आहे. मत विचारायचंच नाही. ‘कसं वाटलं?’ विचारलं की ‘मस्त’ हेच येणार. त्याऐवजी ‘गोष्ट सांग’ म्हणायचं. आत्ता जे पाहिलं त्याची गोष्ट पाच वाक्यांत सांग. खुशामत करायला मूल कितीही तयार असलं, तरी न पोचलेली गोष्ट त्याला सांगता येत नाही. ते अडखळतं कुठे, तेवढं बघायचं.

आणि आकस? असतो तोही. मुख्य भूमिका न मिळालेला असतो, मागच्या वर्षी संहिता नाकारलेला असतो, दुसऱ्या गटातला असतो. गोलात तो तोंड उघडतो तेव्हा सगळ्यांना आधीच माहीत असतं, हा का बोलतोय. तरी माझा अनुभव असा, की नायकाची भूमिका हुकलेल्या पोराइतकं बारीक लक्ष त्या नायकाकडे दुसऱ्या कोणाचंच नसतं. तिसऱ्या प्रवेशात हा रोज त्याच ठिकाणी हात वर करतो, हे दिग्दर्शकाला दिसत नाही, याला दिसतं. हेतू वाईट असेना का, निरीक्षण खरं असलं तर घ्यावं आणि हेतू त्याच्याकडेच राहू द्यावा. शिवाय बरोबरीच्या माणसाच्या आकसाला एक लगाम असतो. आज तो माझ्या संहितेवर बोलतोय, पुढच्या आठवड्यात त्याची संहिता याच गोलात वाचली जाणार आहे. परीक्षकाच्या लहरीला असा लगाम कुठे असतो? तो गुण देतो आणि शेवटच्या लोकलने घरी जातो.

‘जाणत्याकडे जा’ म्हणणाऱ्यांना मुलांच्या खचण्याची फार काळजी असते. मग त्यांनी 2022 साल आठवावं. त्या वर्षी अंतिम फेरी झाली आणि परीक्षकांनी ठरवलं की करंडकाला पात्र ठरेल अशी एकही एकांकिका नाही. पुरुषोत्तम करंडक कोणालाच दिला गेला नाही. त्यावर दोन तट पडले. पोरांचं मन मोडलं, असं एक जण म्हणे. दर्जाशी तडजोड नको, असं दुसरा. मला परीक्षकांच्या अधिकाराबद्दल तक्रार नाही, करंडक राखून ठेवणं हा त्यांचा हक्क आहे. पण तो अभिप्राय आला कधी? शेवटचा पडदा पडल्यावर. त्या एकांकिकांना त्याचा काडीचाही उपयोग नव्हता. पोरं तोवर आवाज बसेपर्यंत ‘आवाज कुणाचा’ ओरडून झाली होती. तेच शब्द, तेवढेच कडक, जुलैच्या शेवटच्या आठवड्यात हॉलच्या फरशीवर बसलेल्या कुणी ऐकवले असते तर ते लागले असते, दोन दिवस अबोला धरला गेला असता, आणि तिसऱ्या दिवशी प्रवेश नव्याने बसला असता. खचायला आणि सावरायला मधे दिवस लागतात. बरोबरीच्यांची टीका ते दिवस देते.

विद्यापीठांच्या युवक महोत्सवांची गत तर याहून वाईट. फलकावर निकालाचा कागद लागतो, पहिला-दुसरा-तिसरा. का, कसं, कुठे कमी पडलो, याचं अवाक्षर नाही. ज्याला जाणत्यांचा अभिप्राय म्हणतात तो बहुतेक मुलांना आयुष्यात एवढाच मिळतो.

लिहिणाऱ्याने गप्प बसावं की नाही, यावरही थोडं. आयोवातून आलेल्या त्या नियमावर अमेरिकेतच आता उघड हल्ला सुरू झाला आहे. मॅथ्यू सॅलेसेस या कादंबरीकाराने 2021 साली अख्खं पुस्तक लिहून म्हटलं, की लेखकाला मुका ठेवल्याने वर्गातल्या बहुसंख्यांचीच दृष्टी त्याच्यावर लादली जाते. परभणीच्या मुलाचं उदाहरण घेतलं तर हे पटतं. लिझ लरमन या नृत्यदिग्दर्शिकेने 1990 च्या सुमारास एक पद्धत काढली, तिच्यात कलाकार आधी स्वतः प्रश्न विचारतो, आणि मत द्यायचं तर आधी त्याची परवानगी घ्यावी लागते. मला ही परवानगीची भानगड आपल्या तालमीत जरा कृत्रिम वाटते. आपल्याकडे नोट्सच्या वेळी परवानगी मागणारा माणूस हसण्यावारी जाईल. पण तिच्यातली एक गोष्ट उचलावी अशी आहे. मत लपवलेला प्रश्न चालत नाही. ‘शेवट एवढा का लांबवलास?’ हा प्रश्न नव्हे, शेरा आहे. ‘वडील शेवटी परत येतात तेव्हा आम्हाला काय वाटावं असं तुला हवं होतं?’ याला लेखकाला खरोखर उत्तर द्यावं लागतं, आणि उत्तर देता देता बऱ्याचदा त्याचं त्यालाच कळतं. माझी पसंती अशी : पहिली दहा मिनिटं लिहिणाऱ्याने ओठ शिवून बसावं, कारण तो समजावायला लागला की ऐकणं थांबतं. कॉटचा किस्सा त्याचाच आहे. नंतर त्याने हवं ते विचारावं.

सगळ्यांचं ऐकून काम गुळगुळीत होतं, हा राहिलेला आरोप. ‘शांतता!’मधलं नायिका बेणारेचं शेवटचं स्वगत घ्या. ते तेंडुलकरांनी आपल्या मनाने लिहिलं नव्हतं. दिग्दर्शक अरविंद देशपांडे यांनी त्यासाठी आग्रह धरला, तेंडुलकरांचा आधी विरोध होता, हे नाट्यवर्तुळात सर्वश्रुत आहे. देशपांडे काही गुरू नव्हते, ‘रंगायन’ या नाट्यसंस्थेतले बरोबरीचे सोबती होते. ते स्वगत नसतं तर नाटक अधिक कठोर झालं असतं, असं मानणारे आहेत, वाद घालावा. पण पन्नासहून अधिक वर्षं मराठी मुली ऑडिशनला तेच स्वगत घेऊन उभ्या राहतात. सोबत्याच्या नोटमुळे नाटक गुळगुळीत झालं म्हणणाऱ्याने एकदा ऑडिशनच्या रांगेत बसून पाहावं.

आणि मुळात हे जाणते राहतात कुठे? ढोबळमानाने सांगायचं तर दादर ते सदाशिव पेठ. कणकवलीच्या, अंबाजोगाईच्या, गडचिरोलीच्या कॉलेजातल्या मुलीने पहिली एकांकिका लिहिली तर ती घेऊन तिने कोणाचं दार वाजवायचं? प्राध्यापक सेमिस्टरच्या पेपरांत बुडालेले, नाटकाला बजेट नाही, हॉलची किल्ली शिपायाकडे आणि शिपाई सहाला घरी. तिच्याजवळ वसतिगृहातल्या चौघी आहेत. त्यांना नाटकातलं काही कळत नाही, त्या जेवण झाल्यावर खाटेवर बसून ऐकतील, एक जण मध्येच झोपेल, आणि कोणती कुठे झोपली हे त्या मुलीला त्याच रात्री कळेल. “तुमच्या बरोबरीच्यांचं ऐकू नका” असं व्यासपीठावरून सांगणाऱ्यांनी त्या चौघींच्या जागी त्या वसतिगृहात आपण कधी येणार, तेवढी तारीख आधी द्यावी.